दोन्ही बोटं खाली

मार्च महिन्यातला शनिवार होता. मजुरी तीनशे रुपये ठरली होती. हजर आम्ही तिघंच. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर मी आणि प्रल्हादभाऊ, आणि पुढे ड्रायव्हरच्या जागेवर त्यांच्या पत्नी कमलवहिनी. आम्हा दोघांचे डोळे मिटलेले होते आणि कमलवहिनी आरशातून आमची बोटं बघत होत्या. ते तीनशे रुपये त्या दिवशी दिले गेले नाहीत. का, ते सांगायचं तर आधी प्रल्हादभाऊ कोण हे सांगावं लागेल.

अकोल्यात बायपासच्या कडेला टिनाच्या शेडची एक रांग होती. पंक्चरवाला, काचवाला, सीटकव्हरवाला, आणि शेवटी प्रल्हादभाऊंचं गाडीत टेप आणि स्पीकर बसवून देण्याचं दुकान. रस्ता रुंद झाला तेव्हा ती रांग गेली. दुकानाच्या अर्ध्या भागात वायरींची भेंडोळी असायची आणि अर्ध्या भागात भाजी. पातूरजवळ त्यांचा घरचा मळा होता. धाकटा भाऊ तो करायचा आणि रोज सकाळी मेथी, वांगी, सांबार गाडीत टाकून पाठवायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कमलवहिनी ती भाजी दुकानाच्या तोंडाशीच बसून विकायच्या. त्यामुळे तिथे वायरीला डाग देतानाचा धूर आणि ओला सांबार यांचा मिळून एक वास असे. स्पीकर दुरुस्त करायला गेलेला माणूस हमखास वांगी घेऊन परतायचा.

प्रल्हादभाऊंना वायरींच्या धंद्यातला माणूस म्हणून कोणी ओळखलं नसतं. खळ घातलेला पांढरा शर्ट, खिशाला कंगवा, कानात अत्तराचा फाया. गाडीखाली शिरायचं असेल तर आधी सतरंजी अंथरायचे, शर्ट काढून खुंटीला लावायचे, आणि बाहेर आल्यावर भांग पाडल्याशिवाय गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत. विनय त्यांच्यापाशी नव्हता. "वऱ्हाडात माह्या कानासारखा कान नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्याच भेटीत ऐकलं आणि नंतर अनेकदा. एखादा हसला तर ते त्याला गाडीत बसवून घेत आणि बोनेटखालचे आवाज एकेक करून ओळखून दाखवत.

माझी गाडी मी जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने तिच्यात मोठे स्पीकर आणि सीटखाली अँप्लिफायर बसवला होता. मला त्याची हौस नव्हती, पण पैसे मोजलेल्या वस्तूचा उपयोग झाला पाहिजे असं माझं मत आहे. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. हे मत नोकरीतून आलं असेल. तर त्या स्पीकरमधून गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी येत असे. ॲक्सिलेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. दर्यापूरला सासुरवाडी, अमरावतीला मुलगी शिकायला, म्हणजे आमचं जाणं-येणं बरंच. दर वेळी ती शिट्टी सोबत. एका दुकानदाराने आठशे रुपये घेऊन एक फिल्टर लावून दिला. शिट्टी दबली, गेली नाही.

प्रल्हादभाऊंनी तो फिल्टर पाहिला आणि दोन बोटांत धरून माझ्या हातात ठेवला, मेलेला उंदीर द्यावा तसा.

"साहेब, हे अत्तर हाय. आधी आंघोळ केली का?"

मी म्हटलं, अत्तर तर तुम्हीही लावता.

"मी आंघोळ करून लावतो," ते म्हणाले.

मग त्यांनी काम सुरू केलं, आणि ते बघायला मी उन्हात उभा राहिलो. त्यांची रीत अशी होती की काही जोडायचं नाही, आधी काढायचं. इंजिन बंद केलं, शिट्टी गेली. म्हणजे ती इंजिनावर चालणाऱ्या, बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडून येते आहे. इंजिन चालू करून डेककडून, म्हणजे टेपकडून, अँप्लिफायरला जाणारी गाण्याची वायर उपटली, शिट्टी गेली. म्हणजे ती अँप्लिफायरच्या आत नाही, त्या वायरीच्या वाटेने येते. मग खिशातून स्वतःच्या सेलवर चालणारा एक छोटा प्लेअर काढून तो थेट अँप्लिफायरला जोडला. गाणं स्वच्छ आलं. एका वेळी एकच गोष्ट काढायची, ऐकायचं, परत लावायची. मी ताळेबंदातली चूक अशीच शोधतो, म्हणून मला ते लगेच पटलं. चूक दोन ठिकाणी निघाली. बॅटरीकडून येणारी जाड वायर आणि गाण्याची बारीक वायर आधीच्या कारागिराने एकाच बाजूने, गालिच्याखाली गळ्यात गळा घालून नेल्या होत्या. आणि अँप्लिफायरची अर्थिंग सीटच्या बोल्टला, रंगावरच, आवळून टाकली होती. प्रल्हादभाऊंनी गाण्याची वायर दुसऱ्या बाजूने फिरवली. मग ब्लेडने बोल्टाखालचा रंग खरवडायला बसले. मला वाटलं झालं, तरी ते खरवडतच होते.

"लोखंड हसलं पायजे," ते म्हणाले. लोखंड खरंच चकाकेपर्यंत त्यांनी ब्लेड सोडलं नाही.

पैसे काढायला मी हात खिशात घातला तर त्यांनी थांबवलं. त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता आणि तो झाल्याशिवाय ते पैशाला हात लावत नसत. गाडीचा मालक आणि ते स्वतः मागच्या सीटवर बसायचे. काचा वर. डोळे मिटायचे. कमलवहिनी भाजीवरून उठून, हात पदराला पुसून ड्रायव्हरच्या जागी बसायच्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण गिअर न टाकता ॲक्सिलेटर दाबायला आणि डेकचं बटण फिरवायला येत होतं. त्या कधी दाबायच्या, कधी सोडायच्या, कधी न सांगता डेकच बंद करायच्या. शिट्टी ऐकू येत असेल तोवर बोट वर, नसेल तर खाली. बोलायचं नाही. बोललं की दुसऱ्याच्या कानात आपलं म्हणणं शिरतं, असं प्रल्हादभाऊंचं सांगणं होतं. कमलवहिनी आरशात दोघांची बोटं बघायच्या आणि शेवटी निकाल द्यायच्या. दोन्ही बोटं खाली म्हणजे काम झालं. एक जरी वर राहिलं तर मजुरी नाही.

त्या दिवशी दोन्ही खाली राहिली. मी तीनशे रुपये दिले आणि वांगीही घेतली.

त्यानंतर कामाशिवायही मी तिथे जाऊ लागलो. शनिवारी जिनिंग लवकर सुटायचं, आणि प्रल्हादभाऊंच्या दुकानात बसायला एक जुनं बस-सीट होतं. तिथून बरंच दिसायचं. दर्यापूरच्या एका जीपवाल्याचं, सुरेशचं, प्रकरण मी तिथेच पाहिलं. त्याच्या जीपमध्ये गाणी लागली की मधूनच खरखर व्हायची. दुकानात मात्र काही केल्या व्हायची नाही. प्रल्हादभाऊंनी विचारलं, रस्त्यावर कधी होते? सुरेश म्हणाला, सवारी भरली की. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादभाऊ पांढऱ्या शर्टात त्या जीपच्या मागच्या बाकावर, दूधवाल्याच्या कॅनशेजारी कोंबून बसले आणि दर्यापूरपर्यंत जाऊन आले. भाडंही दिलं. एक जाडे पाटीलबाबा बाकावर बसले की बाक दबायचा, बाकाचा पाय खालच्या स्पीकरच्या वायरीवर टेकायचा, आणि सोललेली वायर पत्र्याला लागायची. बाबा उतरले की खरखर गायब.

"गाडी भरली की दुखते म्हणे," ते परत आल्यावर शर्ट झटकत म्हणाले. "मंग रिकामी तपासून काय सांगन तुले?"

कमलवहिनींना गाण्यांचं काही नव्हतं. दिवसभर दुकानात गाणी वाजायची आणि त्या त्यांच्याकडे पंख्याच्या आवाजाइतकंच लक्ष द्यायच्या. मात्र त्यांच्या लक्षातून काही सुटायचं नाही. अमरावतीचे एक डॉक्टर नवी कोरी गाडी घेऊन आले होते, बारीक किणकिण येते म्हणून. प्रल्हादभाऊंनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. डॅशबोर्ड उघडला, अर्थिंग नवी केली, लोखंड हसवलं, तरी किणकिण तशीच. तिसऱ्या दिवशी सकाळी ते डोकं धरून बसलेले असताना कमलवहिनी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तुमी गाडीत बसले का तुमचा फोन चार्जिंगले लावता. थो काढून पाहा ना."

फोन काढला. किणकिण गेली. स्वस्तातला चार्जर होता आणि तो प्रल्हादभाऊंचाच होता.

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट दाबली असती. प्रल्हादभाऊ ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मात्र प्रत्येक वेळी डॉक्टरांची गाडी थोडी महाग व्हायची.

यानंतर काही वर्षं गेली. मुलीचं शिक्षण संपून ती अमरावतीतच नोकरीला लागली. प्रल्हादभाऊंनी साठी ओलांडली, कंगवा तसाच राहिला, केस कमी झाले. आणि एके दिवशी दर्यापूरच्या स्टँडवर सुरेश जीपवाला भेटला. चहा पिता पिता त्याने आवाज खाली आणून मला सांगितलं की त्याने मागच्या महिन्यात गाडी दाखवली होती, शिट्टी होती, प्रल्हादभाऊंनी काम केलं आणि बोट खाली ठेवलं. शिट्टी मात्र गेली नव्हती. मी विचारलं, मग तुझं बोट?

"मीबी खालीच ठेवलं," सुरेश म्हणाला. "म्हाताऱ्याले कसं सांगू, साहेब? मंग गुपचूप दुसऱ्या दुकानात नेली."

असं करणारा तो एकटा नव्हता. आणखी दोघांची नावं त्याने घेतली, त्यातले एक शाळेतले मास्तर. लोक प्रेमापोटीच खोटं बोलत होते आणि त्या खोट्याने दुकान बसत होतं. प्रल्हादभाऊंपाशी विकायला स्पीकर किंवा वायर नव्हती, ती कुठेही मिळते. त्यांच्यापाशी विकायला त्यांचं खाली ठेवलेलं बोट होतं. त्याचाच भरवसा गेला तर त्या टिनाच्या शेडमध्ये नुसती भाजी उरणार होती.

फेब्रुवारीत माझी गाडी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गेली आणि परत आली ती शिट्टी घेऊन. मुलगी म्हणाली, बाबा, तुमची जुनी मैत्रीण परत आली. मी दुसऱ्या दुकानात जाऊ शकलो असतो. तसं मनात आलंही. पण मग मी पुन्हा कधी त्या बस-सीटवर बसू शकलो नसतो.

म्हणून मार्चमधला तो शनिवार. प्रल्हादभाऊंनी नेहमीसारखं एकेक काढून पाहिलं, बोनेटखाली काहीतरी आवळलं, आणि भांग पाडून म्हणाले, बसा. आम्ही बसलो. काचा वर. कमलवहिनींनी ॲक्सिलेटर दाबला आणि शिट्टी चढली. मी बोट वर केलं. ते तसंच ठेवलं. शेजारी काय चाललं आहे ते मला दिसत नव्हतं आणि बघायचं नव्हतं.

कमलवहिनींनी ॲक्सिलेटर तसाच दाबून धरला. मग इंजिनाचा आवाज उतरला आणि कमलवहिनी म्हणाल्या, "साहेबाचं वर हाय. तुमचं खाली हाय."

मी डोळे उघडले. प्रल्हादभाऊंनी उघडले नव्हते.

"साहेबाले भास होते," ते म्हणाले.

"मलेबी होते मंग भास," कमलवहिनी म्हणाल्या. त्या मागे वळल्या नाहीत, आरशातच बघत होत्या. "मले आयकू येऊन राहिली. दिवाळीपासून येऊन राहिली, त्या जीपमंधी, त्या मास्तरच्या गाडीमंधी. मले वाटलं तुमी उद्या पाहाल, परवा पाहाल."

मला वाटलं आता ते उठून जातील. अत्तराचा वास, बंद काचा आणि मार्चचं ऊन. मी दाराची कडी चाचपली. पण प्रल्हादभाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडी तपासतानाचा भाव आला. मी तो पुष्कळदा पाहिला होता.

"कमल, हळू दाब. लय हळू. साहेब, डोळे मिटू नका. माह्यं बोट पाहा."

त्यांनी डोळे मिटून बोट वर केलं. इंजिन मंद चालू होतं, शिट्टी खालच्या पट्टीत होती, गुणगुणल्यासारखी. बोट वर. कमलवहिनी जरा जरा दाबत गेल्या. शिट्टी चढली, बोट वर. आणखी चढली. आणि एका ठिकाणी, शिट्टी तशीच चढत असताना, बोट हळूच खाली आलं.

"परत," ते म्हणाले.

परत केलं. बोट त्याच ठिकाणी खाली आलं. पुन्हा केलं. तिथेच. मग उलटं, वरून खाली येताना, आणि बोट नेमकं त्याच ठिकाणी वर झालं. एका वेळी एकच गोष्ट, काढायची, ऐकायची, परत लावायची. त्यांनी स्वतःच्या कानातली चूक तशीच शोधून काढली.

"अथीपर्यंत आयकू येते," शेवटी ते म्हणाले. "इथून पुढचं माह्यं गेलं."

कमलवहिनींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मी पैसे पुढे केले तर प्रल्हादभाऊंनी मान हलवली. बोट वर होतं ना तुमचं, म्हणाले. गाडी घेऊन जा, बोलावीन तेव्हा आणा.

मधले काही आठवडे दुकान अर्धं बंद होतं. भाजीचा भाग उघडा, वायरींचा नाही. अमरावतीला कानाच्या डॉक्टरांना दाखवून आल्याचं मला कमलवहिनींकडून कळलं. वयाने असं होतं, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणाले होते. मशीन दिलं होतं. पुढे प्रल्हादभाऊंनी ते मला दाखवलं. बोलणं बरं ऐकू येतं, पण डोकं उशीवर टेकलं की ते मशीन स्वतःच शिट्टी वाजवतं.

"गावाच्या शिट्ट्या काढल्या जन्मभर," ते म्हणाले, "आता माह्याच कानात बसवून देली." हसले मात्र मनापासून.

एप्रिलच्या शेवटी कमलवहिनींचाच फोन आला. भाऊ, गाडी आणा, एवढंच म्हणाल्या.

मी गेलो तर दोन्ही भाग उघडे होते. प्रल्हादभाऊंचा पांढरा शर्ट आधीच खुंटीला लावलेला होता, तेवढाच काय तो बदल, कारण ते सतरंजीवर माझीच वाट बघत होते. त्यांनी गाडीत हात घातला, कमलवहिनी मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर मेथीची जुडी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही. प्रल्हादभाऊंनी एक वायर उपटायची, विचारायचं, हाय? त्यांनी म्हणायचं, हाय. दुसरी उपटायची, हाय? बारीक झाली. कुठली उपटायची ते त्यांना माहीत होतं, काय ऐकू येतं ते वहिनींना. मध्येच दोघांचं भांडणही झालं. तू घाई करू नको, ते म्हणाले. तुमीच वायर धरून उभे राहता, सोडा ना ती, त्या म्हणाल्या.

चूक बोनेटखाली होती. इंजिनाकडून गाडीच्या अंगाला जाणारी अर्थिंगची पट्टी गॅरेजवाल्यांनी काढली होती आणि परत लावताना गंजावरच आवळली होती. मार्चमध्ये प्रल्हादभाऊंनी ती नुसती आवळून पाहिली होती, शिट्टी गेली असं त्यांना वाटलं होतं. या वेळी त्यांनी ब्लेड घेतलं. मी उन्हात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. लोखंड हसत होतं.

मग शर्ट घालून, भांग पाडून ते आले, आणि सवयीने मागचं दार उघडलं. आत कमलवहिनी बसलेल्या होत्या. प्रल्हादभाऊंनी एक क्षण दार धरून ठेवलं, मग ते माझ्यासाठी उघडं ठेवून स्वतः पुढे, ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. आरसा आपल्या उंचीला फिरवून घेतला.

"डोळे मिटा दोघंबी," ते म्हणाले. "बोलायचं नाही."

इंजिन चढलं, उतरलं, परत चढलं. मेथीचा वास येत होता. डेक बंद झाला, चालू झाला. गाणं लावलेलं नव्हतं, म्हणून स्पीकरमधली शांतता नीट ऐकू येत होती. माझं बोट गुडघ्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

"दोन्ही खाली," प्रल्हादभाऊ म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा ते आरशातून मागे बघत होते, पण माझ्याकडे नाही.

त्यानंतर वर्षभराने रांग पडली आणि ते दोघं पातूरला मळ्यावर राहायला गेले. माझी गाडीही मी विकली. शिट्टी नव्हती, हे घेणाऱ्याला मुद्दाम ऐकवलं. प्रल्हादभाऊंच्या त्या रिवाजाला मी बसलो ते एप्रिलमधलं हे शेवटचं. त्या दिवशी गाडीतून बाहेर येऊन मी त्यांच्यापुढे तीनशे रुपये धरले. त्यांनी हात मागे बांधले आणि हनुवटीने भाजीकडे खूण केली.

"ज्याचे कान, त्याले द्या."

कमलवहिनींनी नोटा घेतल्या आणि भाजीच्या गल्ल्यात टाकल्या. हातातली मेथीची जुडी मला दिली आणि म्हणाल्या, मेथीचे दहा वेगळे, भाऊ.

एकूण तीनशे दहा रुपये. कमलवहिनींना, रोख.